दुसऱ्यांच्या किल्ल्या

इस्टेट एजंटच्या टेबलाचा डावा खण उघडला की किल्ल्या खुळखुळतात. लॅचच्या चपट्या, सेफ्टी डोअरच्या लांब दांड्याच्या, लेटरबॉक्सच्या करंगळीएवढ्या. कोथरूड, कर्वेनगर, सिंहगड रस्ता असा अर्धा पुण्याचा पश्चिम भाग त्या खणात झोपलेला असतो. मालक कुणी बंगळुरूला, कुणी न्यू जर्सीला, कुणी दोन गल्ल्या पलीकडे नव्या घरात. ब्रोकरेज ठरवताना 'किल्ली सांभाळणे' असं कलम कुणी घालत नाही. काम मात्र निम्मं तेच असतं.

नव्या पोरांना पहिली गोष्ट शिकवायची ती बिल्ल्याची. बिल्ल्यावर सोसायटीचं नाव नि फ्लॅट नंबर लिहायचा नाही, फक्त आकडा लिहायचा. 17 म्हणजे कुठलं घर, हे वहीत, आणि वही दुसऱ्या खणात. जुडगा रिक्षात राहिला तर निदान चोराला पत्ता तरी शोधावा लागेल! वहीत चार रकाने पुरतात: किल्ली कुणी नेली, कधी नेली, कधी आणली, सही. चौथा रकाना रविवारी हमखास कोरा राहतो आणि सोमवारी सकाळी 17 नंबर कुणाच्या तरी धुवायला टाकलेल्या पँटच्या खिशात सापडतो.

बंद घर ही वस्तू नुसती पडून राहत नाही, बिघडत असते. पंधरा दिवसांतून एकदा ते उघडावं लागतं. आधी खिडक्या, मग पाणी. नहाणीच्या जाळीखालच्या ट्रॅपमध्ये जे चार बोटं पाणी साठलेलं असतं, तेच गटाराचा वास अडवतं. एप्रिल-मेमध्ये ते आटतं. मग वास वर येतो, मागोमाग झुरळं येतात, आणि गिऱ्हाईक उंबऱ्यातच नाक मुरडून म्हणतं, 'वास्तू बरोबर वाटत नाही हो.' वास्तू ठीक असते, अर्धी बादली पाणी कमी पडलेलं असतं. प्रत्येक नहाणीत ते ओतायचं, बेसिनचा नळ मिनिटभर सोडायचा, फ्लश एकदा ओढायचा. महिनाभर कुणी फिरकणार नसेल तर पाण्यावर वरून चमचाभर गोडेतेल सोडायचं, म्हणजे पाणी लवकर उडत नाही. कुलपात मात्र तेल घालायचं नाही. तेलाला धूळ चिकटते आणि दोन महिन्यांत किल्ली अर्ध्यावर अडते. तिथं शिसपेन्सिलीची पूड. पेन्सिल किल्लीच्या दातांवर घासली तरी भागतं.

अशी वीस-पंचवीस वर्षं गेली की घरांचं ऊन पाठ होतं. कुठल्या हॉलमध्ये सकाळी कोवळं येतं, कुठल्या गॅलरीत दुपारी चारनंतर उभं राहवत नाही. पश्चिमेचा फ्लॅट सकाळी दाखवायचा आणि भर रस्त्यावरचा रविवारी दुपारी, हा धंद्यातला जुना धडा. मुरलेला एजंट तो पाळतो, पण जाता जाता सांगूनही टाकतो, 'काका, संध्याकाळी ऊन येतं, जाड पडदा लागेल.' राहायला आल्यावर कळणारच असतं. लपवलं तर काका तर जातातच, त्यांचे मेहुणे, साडू आणि भिशीतल्या मैत्रिणीही जातात.

अडचण आहे ती वाराची. जगाला सुट्टी असते तेव्हाच जग घर बघायला निघतं. त्यामुळे लग्नं, मुंजी, बारशी सगळी एजंटच्या बायकोनं एकटीनं उरकलेली असतात आणि फोटोत तो असलाच तर कडेला, कानाला फोन लावून. पैशालाही वार नाही. टोकन झालं म्हणजे व्यवहार झाला असं समजून गाडी बुक करणारा पहिल्या दोन वर्षांतच शहाणा होतो. टोकन आणि खरेदीखत यांच्यामध्ये दोन-तीन महिने सहज जातात आणि त्यात काय वाट्टेल ते निघतं. सोसायटीचं मूळ भाग प्रमाणपत्र, म्हणजे शेअर सर्टिफिकेट, सापडत नाही. वडील गेलेत, नॉमिनी थोरला, म्हणून सगळे निर्धास्त; आणि नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, बहिणींच्याही सह्या लागतील, हे बँकेचा वकील सांगतो तेव्हा घरात तीन दिवस कुणी कुणाशी बोलत नाही. एक बहीण अमेरिकेत असली तर कुलमुखत्यारपत्र तिकडून साक्षांकित होऊन यायचं आणि ते इथं पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक भरायचा. या सगळ्यात एजंटची चूक काहीच नसते, पण रात्री साडेदहाचा फोन त्यालाच येतो.

तोल सांभाळा म्हणून सल्ला द्यायला काय जातं! या धंद्यात टिकलेल्या माणसांनी तोल सांभाळला तो दोन गोष्टींनी. एक, भाड्याची कामं. विक्री म्हणजे सणाची पुरणपोळी, भाडं म्हणजे रोजचं दळण. भाड्यात साधारण एका महिन्याचं भाडं मिळतं, रक्कम लहान पण नेमाची. किराणा, फी, हप्ते त्यातून भागवायचे आणि विक्रीचा पैसा वेगळ्या खात्यात टाकायचा. घरचा सहा महिन्यांचा खर्च तिथं साठेपर्यंत त्याला हात लावायचा नाही. खिसा रिकामा असला की एजंट वाईट घरही गोड करून सांगतो.

दुसरी गोष्ट पंचांग. पाडवा, अक्षय्य तृतीया, दसरा या दिवसांच्या आसपास जेवायला फुरसत नसते. पण भाद्रपदातल्या पितृपक्षात टोकन द्यायला सहसा कुणी धजावत नाही. नवखा एजंट ते पंधरा दिवस फोनकडे बघत कुढतो. जुना कोकणात जातो. हॉटेलं रिकामी, समुद्र आपला. रोजच्या दिवसालाही असंच कुंपण लागतं. एका फेरीत तीनच घरं दाखवायची. सात दाखवली की गिऱ्हाइकाला चौथ्याचं स्वयंपाकघर आणि सहाव्याची गॅलरी एकाच घरात दिसायला लागते आणि सगळी फेरी पुन्हा करावी लागते.

किल्ली नुसती हातावर ठेवायची नसते. भाडेकरू आत जायच्या दिवशी वीजमीटर आणि गॅसमीटरचे फोटो, भिंतींचे, गीझरचे, नळांचे फोटो, किल्ल्या किती दिल्या ते लिहून दोघांच्या सह्या. डिपॉझिटची भांडणं रंगाच्या डागावरून सुरू होतात आणि फोटोपाशी संपतात. करार अकरा महिन्यांचा आहे, नोटरी चालेल, असं अजूनही लोक सांगतात. महाराष्ट्रात 1999 च्या भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम 55 प्रमाणे भाडेकरार लेखी आणि नोंदणी केलेलाच लागतो, आणि नोंदणीची जबाबदारी मालकावर आहे. आता घरी येऊन अंगठे घेतात, त्यामुळे निबंधकाच्या कचेरीत अर्धा दिवस मोडण्याचंही निमित्त उरलेलं नाही. सही झाली, अंगठा झाला की वहीतल्या 17 वर आडवी रेघ मारायची आणि संध्याकाळी मालकाला, मग तो न्यू जर्सीत का असेना, निरोप धाडायचा. हे राहिलं तर त्या घराचा नळ गळल्याचा फोन पुढची तीन वर्षं एजंटलाच.

रविवार गेला म्हणून आठवड्यातला दुसरा एक दिवस स्वतःचा धरावा लागतो, बुधवार म्हणा, गुरुवार म्हणा. पहिले काही बुधवार अवघड जातात. घरातल्यांना त्याची सवय नसते, त्यालाही घराची नसते. खण ऑफिसात, वही ऑफिसात, फोन चार्जिंगला. चहाचा कप घेऊन तो गॅलरीत येतो तर तिरकं ऊन थेट डोळ्यांवर, मागे टीव्हीचा पडदा पांढराफटक, आणि घड्याळात पावणेपाच. इतकी वर्षं या वेळी तो कायम दुसऱ्याच्या गॅलरीत उभा असायचा. आत बायको सांगते की पडदा लाव म्हणून पाच वर्षं सांगतेय. त्याच्या डोक्यात मात्र पहिलं हेच येतं, की हा फ्लॅट सकाळी दाखवायला हवा.