मागच्या पुठ्ठ्यावरचे अभिप्राय

आपल्या शाळेच्या ग्रंथालयातल्या प्रत्येक अवांतर पुस्तकाच्या मागच्या पुठ्ठ्याला आतून एक रेघी कागद डकवलेला असायचा. पुस्तक परत करताना त्यावर अभिप्राय लिहायचा, ही ग्रंथालयाच्या बाईंची अट. गोष्ट सांगायची नाही, 'पुस्तक छान आहे' एवढ्यावर भागवायचं नाही आणि हे पुस्तक कुणी वाचावं, का वाचावं, ते लिहायचंच. मी लालबागच्या चाळीत वाढलो. घरी पंचांग सोडलं तर पुस्तक म्हणून काही नव्हतं. काय वाचावं हे मला या कागदांनी सांगितलं. कपाटातून पुस्तक काढलं की आम्ही ते आधी मागून उघडायचो.

'फास्टर फेणे'च्या कागदांना तर पुरवण्या जोडलेल्या होत्या. भा. रा. भागवतांच्या त्या फुरसुंगीच्या पोरावर सगळ्यांचा असा जीव, की अभिप्रायाची सुरुवात 'ट्टॉक्'ने करायची पद्धतच पडली होती. पाचवीतल्या कुणीतरी लिहिलं होतं, 'ज्याला ताप आलाय त्याने वाचावं, दिवस कसा गेला कळत नाही.' अण्णाभाऊ साठ्यांच्या 'फकिरा'वर एकाने 'मोठ्याने वाचावं, मनात वाचू नये' एवढंच लिहिलं. अण्णाभाऊंचं वाटेगाव त्याच्या वाळवा तालुक्यातलं, ही गोष्ट मात्र तो वर्गात सगळ्यांना ऐकवायचा.

'स्मृतिचित्रे'वरचा अभिप्राय वर्गातल्या एका मुलीच्या आजीचा होता. आजीला अक्षरओळख नव्हती. नात रोज रात्री वाचून दाखवायची. बाजारातून आलेला जिन्नस धुतल्याशिवाय घरात न घेणारे लक्ष्मीबाई टिळकांचे वडील आजीला इतके ओळखीचे वाटले, की ती पदर तोंडाला लावून हसायची. आजीने सांगितलं आणि नातीने लिहिलं : 'ही बाई माझ्यासारखं बोलते. सुनांनी वाचावं, सासवांनीही ऐकावं.' लक्ष्मीबाईंवर मी पुढे मोठमोठे लेख वाचले. इतकं नेमकं त्यांत काही सापडलं नाही.

१९८१ साली निघालेली दोन पुस्तकं आमच्याकडे कोरी करकरीत आली. वीणा गवाणकरांचं 'एक होता कार्व्हर' विज्ञानाच्या सरांनी प्रत्येक वर्गाला घ्यायला लावलं. प्रभाकर पेंढारकरांच्या 'रारंगढांग'वरून मात्र दोन तट पडले. हिमालयात रस्ता बांधणारा लेफ्टनंट विश्वनाथ मेहेंदळे लष्कराची शिस्त मोडतो, ती मजुरांच्या जिवासाठी. एनसीसीतल्या मुलाने लिहिलं, हुकूम म्हणजे हुकूम. त्याच्याखाली दुसऱ्याने निळ्या शाईत : 'माझे वडील गिरणीच्या खात्यात यंत्रावर उभे असतात. त्यांच्या जिवाचा विचार करणारा साहेब मला हवा.' बाईंनी दोन्ही अभिप्राय वर्गात वाचून दाखवले आणि कोण बरोबर ते सांगितलं नाही. तो वाद आम्ही मधल्या सुट्टीत, ग्राउंडवर आणि घरी जाताना पुलावरही घालत राहिलो.

पण मला सर्वांत जास्त आठवतो तो 'बनगरवाडी'चा कागद. माडगूळकरांची ही १९५५ सालची कादंबरी माणदेशातल्या एका धनगरवाडीची. तिथे तरुण मास्तर येतो, शाळा चालवतो, दुष्काळ पडतो आणि वाडी उठून जाते. आम्ही बहुतेक कोकणातले. मेंढरं, माळ, पाण्याचं दुर्भिक्ष यातलं आम्ही काही पाहिलेलं नव्हतं. आमच्या बाकावरचा एकजण आटपाडीकडचा. त्याने पानभर लिहिलं की हे सगळं खरं आहे, आमच्या आजोळी माणसं अशीच बोलतात, ज्यांना वाटतं गावाला फक्त आंबे-फणस असतात त्यांनी वाचावं. त्याच्या त्या पानामुळे अख्ख्या वर्गाने रांग लावून 'बनगरवाडी' वाचली.

१८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. महिने गेले, भांडी विकली गेली, एकेका खोलीला कुलूप लागू लागलं. माणसं गावाला गेली, त्यांतली कितीतरी परत आलीच नाहीत. तोही गेला. जायच्या आधी ग्रंथालयात येऊन त्याने आपल्या अभिप्रायाखाली एक ओळ वाढवली : 'आता आमची चाळ पण.' ती वाचल्यावर मी 'बनगरवाडी' पुन्हा पहिल्यापासून वाचायला घेतली. यावेळी मास्तरच्या जागी मी नव्हतो, वाडीतल्या माणसांत होतो. चांगला अभिप्राय पुस्तकाला असं आपल्या दारात आणून उभं करतो, हे मी त्या एका ओळीतून शिकलो.

अमृतमहोत्सवानिमित्त ग्रंथालयाची कपाटं बदलणार आहेत असं समजलं. फाटकी पुस्तकं काढावी लागतीलच, पण मागचे कागद सोडवून जपून ठेवावेत, ही माझी कळकळीची विनंती. त्या कामासाठी मी दर शनिवारी यायला तयार आहे.

आणि आताच्या आठवी-नववीच्या मुलांसाठी बाईंच्या नियमाने माझा एक अभिप्राय. विष्णुभट गोडसे यांचं 'माझा प्रवास'. १९०७ साली छापलं गेलेलं. पेणजवळच्या वरसईचा एक भिक्षुक दक्षिणा मिळवायला उत्तरेत जातो आणि १८५७ च्या धुमाळीत सापडतो. झाशीचा वेढा त्याने आतून पाहिला. वाटेत पुन्हा पुन्हा लुटला गेला, तरी आईवडिलांसाठी गंगेची कावड घरी घेऊन आला. ज्यांना इतिहास म्हणजे सनावळ्या वाटतात त्यांनी वाचावं. भाषा पहिली काही पानं अडेल, तेव्हा आजीला किंवा आजोबांना शेजारी बसवा. झाशीत शिरल्यावर कुणाची मदत लागणार नाही.