भरलेला बार

शिंग हातात आलं की मी आधी ते कानाशी नेऊन हलवतो. वडिलांची सवय, तीच मला लागली. आतल्या हाडाचा तुकडा राहिला असेल तर खट् खट् वाजतो. अळीने पोखरलं असेल तर भुसा सरकल्याचा आवाज येतो. काहीच नसेल तर नुसती पोकळी घुमते. संग्रहालयाच्या प्रयोगशाळेत त्या सकाळी जे ऐकू आलं ते यातलं एकही नव्हतं. जड, सुटे दाणे एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे घरंगळत गेले.

काम तसं साधं होतं. एका जुन्या वाड्याच्या माळ्यावरून तोड्याची बंदूक आणि तिचा सरंजाम संग्रहालयाकडे आला होता: बंदुकीच्या दारूचं शिंग, चामड्याचा बटवा, सुती तोड्याची, म्हणजे बार पेटवायच्या वातीची गुंडाळी, शिंगाच्याच टोकाची केलेली मापाची नळी. मूळ वस्तू काचेत जाणार होत्या. शाळेच्या मुलांना हाताळायला शिंगाची हुबेहूब नक्कल हवी होती, म्हणून मला बोलावलं. देणाऱ्या कुटुंबाचं म्हणणं असं की ही बंदूक त्यांच्या मूळपुरुषाने पानिपतावर चालवली. माझ्या कामाच्या ओघात मी अशा बऱ्याच बंदुका पाहिल्या आहेत. त्यातली जवळजवळ प्रत्येक पानिपताहून परत आलेली असते. माणसं तिथून परतली नाहीत, बंदुका मात्र सगळ्या परतल्या.

जतनाचं काम पाहणाऱ्या मॅडमनी मला पहिला प्रश्न विचारला तो कायद्याचा. "काका, हे गव्याचं नाही ना?" प्रश्न रास्तच होता. गवा १९७२ च्या वन्यजीव कायद्याने संरक्षित आहे, त्याचं शिंग निघालं असतं तर कागदपत्रांचा वेगळाच घोळ झाला असता. एके काळी विजयदुर्गाकडे गव्याच्या शिंगाच्या शोभेच्या वस्तू होत, आता आमच्या धंद्यात पाळीव जनावराचंच शिंग चालतं. मी शिंग बुडाकडून दाखवलं. गव्याचं शिंग पिवळट-हिरवट असतं आणि टोकाला काळं होत जातं. हे सगळंच काळपट करडं होतं, अंगावर आडव्या वळ्या, आणि वरच्या भागात अंगठा फिरवला की तीन कडा लागत होत्या. म्हैस. मॅडमनी वहीत लिहिलं आणि आम्ही पुढे गेलो.

शिंग करणारा कारागीर चांगला होता, हे बुडावरूनच कळलं. म्हशीच्या शिंगाचं तोंड गोल नसतं. ते गरम करून, मऊ पडलं की लाकडी शंकू ठोकून गोल करायचं आणि थंड होईपर्यंत तसंच धरून ठेवायचं. मग त्यात लाकडाचं बूड बसवून कडेने खुंट्या मारायच्या आणि फटीत मेण भरायचं. इथे खुंट्याही शिंगाच्याच होत्या. पितळेचा एकही खिळा नाही, लोखंडाचा तर नाहीच. एका बाजूचं अंग आरशासारखं गुळगुळीत झालं होतं, दुसऱ्या बाजूला कानशीच्या रेघा अजून दिसत होत्या. गुळगुळीत बाजू माणसाच्या अंगाला घासणारी. शिंगाचा बाक आणि ही झीज एकत्र पाहिली की ते उजव्या कमरेला लटकत होतं, तोंड पुढे करून, हे सांगता येतं. डावऱ्या माणसाचं असतं तर झीज पलीकडे पडली असती.

हे सगळं पाहून झालं, आतली खोली मोजायची म्हणून मी ते हलवलं, आणि दाणे घरंगळले.

मॅडमनी हात वर केला. "काका, आहे तसं टेबलावर ठेवा. बुचाला हात लावू नका." आवाज चढला नव्हता, पण शेजारच्या टेबलावर वस्तूंचे फोटो काढणारा मुलगा जागीच थांबला. मॅडमनी खोलीतला हीटर बंद करायला लावला आणि बॅटरीवरची छोटी एलईडी मागवली. शिंगाचं पोट खरवडून खूप पातळ केलेलं होतं. दारू किती उरली ते उजेडाकडे धरून दिसावं म्हणून जुने कारागीर असं करत. मागून दिवा धरला तसं पोट तांबूस उजळलं, आणि त्या उजेडात एक काळी रेषा दिसली. मॅडमनी शिंगाखालची उशी जरा कलती केली. रेषाही कलली. साधारण पाव शिंग भरलेलं होतं.

काळी दारू म्हणजे सोरा, कोळसा आणि गंधक, ढोबळ मानाने ७५, १५ आणि १० असे भाग. जळायला लागणारा प्राणवायू तिच्या पोटातच, सोऱ्यात असतो, त्यामुळे बंद डबीतही ती पेटते. ती दुधासारखी नासत नाही. कोरडी राहिली तर शंभर-दोनशे वर्षांनीही काम करते, आणि ओली होऊन पुन्हा वाळली तरी ती निकामी झाली असा भरवसा ठेवता येत नाही. मॅडमनी न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कातल्या तोफेची गोष्ट सांगितली. १७८० साली बुडालेल्या इंग्रजी जहाजावरची ती तोफ कित्येक वर्षं तशीच राहिली होती. २०१३ साली गंज काढायला तिचं तोंड उघडलं तर आत सुमारे ८०० ग्रॅम दारू आणि गोळा, दोन्ही जिथल्या तिथे.

गोष्ट ऐकता ऐकता माझी नजर बंदुकीकडे गेली. ती भिंतीलगतच्या रॅकवर आडवी होती, आणि तिचं तोंड दाराकडे होतं.

"मॅडम, ही तपासली आहे?"

आली तेव्हाच्या नोंदीत लांबी, वजन, लाकूड, दस्त्यावरच्या पितळी पट्ट्या, सगळं होतं. भरलेली आहे की नाही, हा रकानाच छापील तक्त्यात नव्हता. ठासणीच्या बंदुकीत ते बाहेरून कळत नाही. चाप आहे, तोडा धरणारा साप आहे, पण काडतूस पाहायला मागून उघडणारं काही नाही. त्यावर उपाय एकच. नळीच्या बाहेरून तोंडापासून कानापर्यंतचं, म्हणजे बार पेटवायच्या भोकापर्यंतचं अंतर मोजायचं, मग लाकडी काठी तोंडातून हलकेच आत सोडायची, टेकली की तोंडाशी खूण करायची आणि दोन्ही मापं ताडून पाहायची. लोखंडी गज चालत नाही, ठिणगीची भीती. काठी घालताना नळीच्या तोंडासमोर ना चेहरा न्यायचा ना तळहात. आम्ही आधी सगळ्यांना बाहेर काढलं, बंदूक दगडी भिंतीकडे वळवली आणि मॅडमनी बाजूला उभं राहून, दोन बोटांत धरून बांबूची काठी आत सोडली. काठी कानापाशी पोहोचायला हवी होती. ती साडेतीन इंच अलीकडेच टेकली, आणि टेकली ती मऊ जागेवर.

म्हणजे बार भरलेला होता. माळ्यावर, गणपतीच्या मखराशेजारी, पिढ्यान् पिढ्या.

बॉम्बशोधक पथक आलं. तिघे होते, त्यांतले वयाने मोठे हवालदार शांत माणूस निघाले. कागदपत्रं बघितली, नोंदी झाल्या, त्यात फार वेळ गेला आणि तो सांगण्यासारखा नाही. खरा वाद झाला पाण्यावरून. त्यांचं म्हणणं सरळ होतं: शिंग, दारू, सगळं पाण्याच्या टबात टाका. दारूसाठी ते बरोबरच, पाणी लागलं की सोरा विरघळतो आणि दात पडलेल्या सापासारखी ती निकामी होते. मॅडम म्हणाल्या, शिंग बुडवायचं नाही. हवालदारांनी माझ्याकडे पाहिलं.

"साहेब," मी म्हटलं, "हे तोंड तापवून गोल केलंय. पाण्यात राहिलं की शिंग फुगतं, मग ते आपल्या मूळ घडणीकडे वळायला बघतं. बूड सैल होईल, खुंट्या उपटतील, आणि वाळल्यावर पापुद्रे सुटतील. दारू गेली तरी शिंगही जाईल."

"मग बूच कोण काढणार?"

बूच मेणाने धरलं होतं. मागच्या अंगणात सावलीत, ओल्या गोणपाटावर, मॅडमनी कोमट पाण्यात बुडवून पिळलेलं फडकं बुचाभोवती गुंडाळलं आणि मेण नरम होऊ दिलं. माझ्या हत्यारांच्या पेटीतला कोणताही धातू जवळ आणायचा नाही, असं हवालदारांनी बजावलं होतं. बांबूच्या चपट्या कामटीने मी बूच फिरवलं. आधी जाम होतं, मग एकदम फिरलं. हवालदारांनी शिंग वाकडं करून पाण्याच्या बादलीत दारू सोडली, थोडी थोडी. दाणे खसखशीहून जरा मोठे, कोनाकोनांचे, अजून चमकदार. आत चिकटलेली पूड मऊ कुंचल्याने झाडली, शेवटी जेमतेम ओल्या कापसाने पुसून घेतली. बुडाची एकही खुंटी हलली नाही. हवालदार म्हणाले, "आमच्याकडे असा माणूस ठेवायला पाहिजे." माझ्यापुरती तीच दिवसाची कमाई.

बंदुकीची नळी लोखंडाची, तिला पाण्याचं भय कमी. तोंडातून आणि कानातून पाणी भरून ती रात्रभर तशीच, तोंड वर करून, पथकाच्या ताब्यात ठेवली. दुसऱ्या दिवशी लाकडी दांड्याला पितळी पेच लावून बारावर ठासलेला बोळा ओढायचा होता. पेच आत घालून सावकाश फिरवायचा, तो बोळ्यात रुतला की सरळ ओढायचं. पहिल्या खेपेला काथ्याचे नुसते धागे आले. मग आख्खा बोळा आला, काळा, पिळलेला. नळी वाकडी केल्यावर ताटलीत छर्रे टपटपले. मागून फडक्याचा दुसरा बोळा, आणि शेवटी दारूचा काळा चिखल.

छर्रे मॅडमनी हातमोजे घालून धुतले, कारण शिशाचा पांढरा गंज विषारी. धुतल्यावर त्या बराच वेळ भिंगातून बघत बसल्या, मग भिंग माझ्याकडे सरकवलं. बारीक छर्रे, सगळे एकाच मापाचे आणि सगळे गोल. हातावर करणाऱ्याचा छर्रा असा नसतो. शिशाचा पत्रा कापून केला तर चौकोनी राहतो, साच्यात ओतला तर सांध्याची रेघ राहते, चाळणीतून थोड्याच उंचीवरून पाण्यात सोडला तर एका बाजूला खळगा पडतो नाहीतर शेपूट निघतं. असा एकसारखा गोल छर्रा व्हायला वितळलेलं शिसं चाळणीतून उंच मनोऱ्याच्या आत खाली सोडावं लागतं, म्हणजे थेंब हवेतच गोल होऊन घट्ट होतो. ही युक्ती ब्रिस्टलच्या विल्यम वॉट्सची, पेटंट १७८२ सालचं. पानिपत १७६१ चं.

बंदूक जुनी असेलही. नळी सहज तेवढी जुनी वाटते. पण तिच्यातला शेवटचा बार पानिपतावर भरलेला नव्हता, आणि तो माणसासाठीही नव्हता. एवढा बारीक छर्रा पाखरांसाठी, फार तर सशासाठी. कोणीतरी तो शेताच्या बांधावर भरला, पाखरं उडून गेली, आणि भरलेली बंदूक तशीच घरी आणून टांगली. ठासणीच्या बंदुकीची ही अडचण जुनीच आहे. भरणं सोपं, बार रिकामा करायचा तर पेचाने ओढत बसावं लागतं नाहीतर तो उडवून टाकावा लागतो, आणि दारू स्वस्त नव्हती.

बादलीतलं काळं पाणी टाकून देण्याआधी मॅडमनी त्यातलं थोडं गाळून बशीत ठेवलं होतं. पाणी उडून गेल्यावर बशीच्या तळाशी लांब पांढऱ्या सुया उभ्या राहिल्या. सोरा. नोंदीत लावायला त्यांनी त्याचाही फोटो घेतला.

मग माझं काम सुरू झालं. म्हशीचं ताजं शिंग पाण्यात मुरत ठेवायचं, आतलं हाड सुटेपर्यंत. वास असा की घरचे आठवडाभर माझ्याशी कामापुरतंच बोलतात. हाड निघालं की आत तार घालून पोकळी कुठपर्यंत जाते ते बाहेर खुणेने उतरवायचं. त्यापुढचं टोक भरीव असतं, त्यात गिरमिटाने भोक पाडायचं. गिरमिट जातं सरळ आणि शिंग असतं वाकडं, म्हणून शेवटचा थोडा भाग तापल्या तारेने जाळत न्यायचा. इथे घाई केली तर भोक कुशीतून बाहेर पडतं आणि शिंग वाया. नंतर बाहेरून मरफा, कानस, काचेच्या तुकड्याने खरवडणं, शेवटी राख आणि तेल. मूळ शिंगावर कानशीच्या रेघा जिथे होत्या तिथे मी त्या ठेवल्या. गुळगुळीत बाजू मात्र झिजवून नाही, घासून आणावी लागली. जाणकाराला तो फरक दिसेल.

संग्रहालयाचं सुरुवातीचं म्हणणं होतं की नकलेचं टोक बंदच ठेवा, मुलं त्यात काय काय भरतील सांगता येत नाही. मी नाही म्हटलं. ज्यातून ओतता येत नाही ते दारूचं शिंग नव्हे, ती शोभेची वस्तू. शेवटी ठरलं की शिंगात मोहरी भरायची. मुलाने बूच काढायचं, मापाची नळी भरायची, समोरच्या लाकडी नळीत ओतायची आणि गजाने ठासायची.

देणाऱ्या कुटुंबातले आजोबा उद्घाटनाला आले होते. पाटीवर पानिपत नाही हे त्यांना लगेच कळलं.

"पण आमच्या घरात सगळे हेच सांगत आलेत," ते मला म्हणाले, मॅडमना नाही.

"आजोबा, बंदुकीचं कोणी नाकारत नाही. आतल्या बाराचं लिहिलंय."

त्यांनी पाटी पुन्हा वाचली, छर्र्यांच्या डबीकडे वाकून पाहिलं. "म्हणजे आमचा कोणीतरी पाखरं मारायला गेला होता. आणि नेम धरायच्या आत पाखरं उडाली." मग ते लाकडी नळीपाशी गेले आणि नातवाच्या हातातला गज घेऊन त्याला म्हणाले, "असा नाही, जोर लावून ठास."

मोहरी दर काही दिवसांनी पुन्हा भरावी लागते. दालन झाडणाऱ्या मावशींनी त्याबद्दल लेखी तक्रार दिली आहे.