अर्धं पान कोरं

सुवर्णमहोत्सवाचं पत्र हातात पडलं आणि आधी बाई आठवल्या. आपल्या शाळेत नुसतं 'बाई' म्हटलं की जीवशास्त्राच्या बाई, हे आमच्या 1989 च्या दहावीला सांगावं लागत नाही.

नववीत क्षयरोगाचा धडा चालू होता. बाईंनी सगळ्यांना डावी बाही वर करून बीसीजीचा वण शेजारणीला दाखवायला लावला. मी विचारलं, "बाई, लशीतला जंतू जिवंत असतो ना? मग तो आपल्याला आजारी का पाडत नाही?" ही लस बनवणाऱ्या कालमेट आणि गेरँ या फ्रेंच शास्त्रज्ञांनी गाईच्या क्षयाचा जंतू 1908 ते 1921 अशी तेरा वर्षं, पित्त घातलेल्या बटाट्यावर 230 वेळा पुन्हा पुन्हा वाढवला, तेव्हा तो निवला, असं बाई म्हणाल्या. "पण त्याच्यातलं गेलं काय?" यावर मात्र त्या गप्प झाल्या. शनिवारी शाळा सुटल्यावर एसटीने तालुक्याच्या दवाखान्यात जाऊन आल्या. सोमवारी प्रार्थनेनंतर मला बाजूला घेतलं. "डॉक्टरांनाही ठाऊक नाही गं. वहीत प्रश्न लिही आणि खाली अर्धं पान कोरं ठेव."

ती वही माझ्याकडे आहे. आज मी त्याच प्रश्नावर काम करते.

बीसीजीतून गळलेला जनुकांचा तुकडा, आरडी-1, 1996 मध्ये जगापुढे आला. प्रथिनं बाहेर धाडणाऱ्या एका यंत्राची, ईएसएक्स-1 ची, जनुकं त्यात आहेत, हे 2003 मध्ये स्पष्ट झालं. क्षयाच्या जंतूभोवती मायकोलिक आम्लांचं मेणचट कवच असतं. ते भेदून ईसॅट-6 आणि सीएफपी-10 ही दोन प्रथिनं जोडीनं, घडी न मोडता बाहेर पडतात. सीएफपी-10 च्या शेपटाशी जणू पत्ता लिहिलेला असतो आणि कवचाच्या आतल्या पटलावरचं, म्हणजे पातळ पडद्यावरचं, यंत्र तो वाचतं. आपली पांढरी पेशी जंतूला गिळून एका पिशवीत कोंडते; हे यंत्र चालू असेल तरच जंतू ती पिशवी फोडू शकतो. बीसीजीत हे यंत्र मोडलेलं आहे; ती निवण्याचं हे एक मोठं कारण. ही दोन प्रथिनं बीसीजीत नाहीत, म्हणूनच त्यांच्यावर बेतलेली रक्तचाचणी लस घेतलेल्या माणसाला चुकून क्षयबाधित ठरवत नाही. केवढी सोय झाली ही!

काम चिकाटीचं आहे. हा जंतू दुप्पट व्हायला वीसेक तास घेतो. गुठळ्या होऊ नयेत म्हणून ट्वीन हे साबणासारखं द्रव्य घालावं, तर ते जंतूच्या अंगावरचा बाहेरचा थर सोलून काढतं, आणि मग आपल्याला हवं ते प्रथिन जंतूनं स्वतः सोडलं की आपण खरवडलं, हे कळत नाही. म्हणून ट्वीनशिवाय वाढवायचं, गुठळ्या सोसायच्या, द्रव गाळून त्यात शोधायचं. पहिल्यांदा त्या द्रवात ईसॅट-6 सापडलं, फिल्मवर त्याची काळी पट्टी उमटली, तेव्हा रात्रीचे अकरा वाजले होते. बाईंना फोन करावासा वाटला. त्या जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती.

कोऱ्या पानावर मी हे सगळं लिहिलं. तरी खाली चार ओळी मोकळ्या ठेवल्यात. आतल्या पटलापलीकडे, त्या मेणचट थरातून ही जोडी नेमकी कुठल्या वाटेने जाते, ते अजून नीट उलगडलेलं नाही.

गेल्या वर्षी शाळेत आले, तर प्रयोगशाळेच्या जागी संगणक कक्ष झालेला. मुलांना संगणक हवाच. पण बाईंचं काचेचं कपाट व्हरांड्यात पावसात भिजत होतं. आत स्लाइडांची लाकडी पेटी तशीच होती आणि चिठ्ठ्यांवर बाईंचं अक्षर होतं. महोत्सव समितीला विनंती आहे, ते कपाट आत घ्या. सुताराचा आणि काचेचा खर्च मी देते.