तू खेळतलंस काय?

ऋषिपंचमीची रात्र. दीड वाजून गेलाय.

आजीनं मला विचारलं, "गो, तू खेळतलंस काय?" एवढंच झालंय. कोणी टाकून बोललं नाही, कुणाचं भांडण नाही, घरात गणपती आहे, सगळे खुशीत आहेत. तरी काल रात्रीपासून तो प्रश्न मनातून जात नाही. तो का लागला ते मला नीट कळत नाहीये. लिहिलं तर कळेल म्हणून वही घेऊन बसलेय.

आमच्याकडे मेंढीकोटाला, म्हणजे पत्त्यांच्या डावाला, कोणी कुणाला विचारत नाही. जेवणं आटोपतात, उष्टी निघतात, आणि पत्र्याचा तो बिस्किटांचा डबा उघडल्याचा आवाज येतो. मग ज्यानं त्यानं आपापल्या जागी येऊन बसायचं. पप्पा भिंतीला टेकून, त्यांच्यासमोर काका. आजी खांबाशी, एक पाय लांब करून, आणि आजीच्या समोर मी. तेरा-तेरा पानं पडतात, हातात घ्यायची, रंग लावायचे. यात 'खेळणार का' हा प्रश्नच कुठे येतो? जेवायला बसल्यावर पान वाढतात तशी ती पानं पुढ्यात येतात. निदान यायची.

काल मी हात पुसत बाहेर आले तेव्हा माझ्या जागी धाकटा सोमू बसला होता. पानं पिसत होता, तीसुद्धा हल्ली कुठूनतरी शिकलेल्या पद्धतीनं, दोन गठ्ठे फर्रकन एकमेकांत घुसवून. आजीनं माझ्याकडे वर बघितलं आणि विचारलं. मी काही बोलायच्या आधी काकू म्हणाली, "रात्रभर गाडीत बसान इली हा ती. दमली असतली, झोपांदे तिका." मी म्हटलं, हो, दमलेय. आणि खरंच दमले होते. पुण्याहून रात्री निघालेली बस, चवथीची गर्दी, आजऱ्यानंतर झोप उडालेली, आंबोली घाटात समोरचं काही दिसू नये इतकं धुकं. पण दमलेली असतानाही मी खेळले असते. दमलेली असताना तर मला तेच हवं होतं.

पलीकडच्या खोलीत पडून मी सगळा डाव ऐकला. "उतारी कुणाची?" "हुकूम झाला काय?" पप्पांचं पान आपटणं, आजीचं पान हळूच ठेवणं. आवाजावरून मला कळतं कुणी काय टाकलं असेल ते. मग सोमू ओरडला, "मेंढीकोट!" आणि आजी हसली. चारही दश्श्या घेतल्या होत्या दोघांनी मिळून. आजीचं ते हसणं मला इतकं ओळखीचं आहे, आणि काल ते दुसऱ्या कुणासाठी होतं.

हे लिहिताना मला माझीच कीव येतेय, पण आहे हे असं आहे.

गेल्या चवथीला परीक्षा आडवी आली. मे महिन्यात इंटर्नशिप होती, चार दिवस येऊन गेले त्यात एक लग्न. दर वेळी फोनवर आजी विचारते, "चवथीक येतलंस मा?" आणि मी म्हणते, येतलंय. मला वाटायचं मी येईन तेव्हा सगळं होतं तिथेच असेल. सोमू तोवर लहानच राहील, त्याला 'तू बाजूला बसून बघ' म्हणून सांगता येईल. तो नववीत गेलाय. त्याचा आवाज फुटलाय. हे मला कुणी कळवलं नव्हतं.

आज संध्याकाळी अश्विनीबरोबर सावंतवाडीच्या मोती तलावाला फेरी मारली. ती मोप्याच्या विमानतळावर लागलीय, तिची रात्रपाळी होती, म्हणून घाईतच होती. पूर्वी आम्ही तलावाच्या काठावर बसून दिवेलागणीपर्यंत काहीच न करता वेळ घालवायचो. आज तिनं दोनदा घड्याळ बघितलं. त्याबद्दल लिहायचं होतं, पण आज नको.

राजवाड्यासमोरून येताना शाळेची सहल आठवली. सहल कसली, चालत नेलं होतं. तिथे गंजिफा रंगवतात, जुन्या काळचे पत्ते. गोल पानं, लाखेनं चकाकणारी, बोटभर जागेत अख्खा नरसिंह. दशावतारी गंजिफ्याची १२० पानं असतात, दहा अवतारांचे दहा रंग, एकेका रंगात बारा पानं. प्रत्येक रंगात राजा आणि प्रधान, मग एक ते दहा. निम्म्या रंगांत दहा मोठा, निम्म्यांत एक्का. दिवसा खेळायला बसलं तर राम ज्याच्याकडे तो सुरुवात करतो, रात्री बसलं तर कृष्णवाला. हे ऐकल्यावर मी धावत घरी येऊन आजीला सांगितलं होतं, तर तिची चिंता वेगळीच, इतकी गोल पानं हातात धरायची कशी.

आज मला त्यातली दुसरीच गोष्ट आठवत राहिली. गंजिफा तिघांत खेळतात, प्रत्येकाला चाळीस पानं, आणि ज्याचा तो. भिडू नाहीच. तिथे कुणाची जागा कुणी घेत नाही, कारण कुणासमोरची अशी जागाच नसते. आपल्याकडे अख्खं मेंढीकोट त्या समोरच्या जागेवर उभं आहे. चार दश्श्या, म्हणजेच मेंढ्या, त्यातल्या तीन आल्या की डाव आपला, दोन-दोन झाल्या तर ज्याचे सात हात त्याचा. नियम इतकेच, पाच मिनिटांत कुणालाही शिकवता येतात. पण समोरून आजीनं चौकटची दुर्री उतरली तर तिच्याकडे एक्का आहे की तो रंगच संपवायचाय, हे नियमांत नाही. ते डोळ्यांतही नसतं, कारण आजी डोळे वर करत नाही, तिला खुणा करणाऱ्यांचा राग येतो. ते नुसतं कळतं. ते कळायला मला किती रात्री लागल्या. सोमूला कळायला लागलंय का? काल मेंढीकोट झालं म्हणजे कळत असणार. हेच मला सहन होत नाहीये बहुतेक.

हॉस्टेलवर मी पत्त्यांची मास्तरीण आहे. मेस झाली की आमच्याच खोलीत सगळ्या जमतात. युनो असतो, कधी अंताक्षरी, कधी फोनवर लूडो, पण पत्ते निघाले की पिसायला माझ्याकडेच देतात. चौघी असल्या तर मेंढीकोट. लातूरची म्हणते हुकूम बंदच हवा, एक पान पालथं ठेवायचं आणि मागितल्यावर उघडायचं. आम्ही घरी कट हुकूम खेळतो, ज्याच्याकडे उतरलेला रंग नाही तो जे पान टाकेल त्याच रंगाचा हुकूम. या एका गोष्टीवरून आम्ही रात्री एकपर्यंत वाद घातलाय. तिघी असलो तर पाच-तीन-दोन, इस्पिक आणि बदामची सत्ती ठेवून बाकी अठ्ठीच्या खालचं सगळं बाजूला काढायचं, तीस पानं, दहा-दहा. पाचजणी झाल्या की बदाम सात. रविवारी सिंहगड चढलो, वर पिठलं-भाकरी आणि मडक्यातलं दही झालं, तरी सावली बघून तिथेही डाव मांडतो.

यंदा एक नवीन मुलगी आलीय, चंद्रपूरची. पहिल्या आठवड्यात दारात उभी राहून बघायची. मी तिला विचारलं होतं, तू खेळणार का? अगदी मनापासून विचारलं होतं. नुसती पानं तिच्यापुढे टाकली असती तर तिला नको म्हणता आलं नसतं, म्हणून विचारलं. नवीन माणसाला नाही म्हणायची मोकळीक द्यावी लागते.

हे लिहिलं आणि हात थांबला.

आजीनंही तेच केलं असणार. मला नको म्हणता यावं म्हणून विचारलं. पुण्याला राहणारी मुलगी, तिला आता या पत्त्यांत रस असेल-नसेल, कानात वायर घालून पडायचं असेल, मैत्रिणींशी बोलायचं असेल. आजीनं माझी सोय बघितली. तिच्या मनात काही वाकडं असेल असं मला क्षणभरही वाटत नाही. पण माझी सोय बघावी लागते इतकी मी लांबची झाले का? घरातल्या माणसाची कोण सोय बघतं? आईला कधी कुणी 'तू खेळणार का' म्हणून विचारल्याचं मला आठवत नाही, पण तिला न विचारणं आणि मला न विचारणं यात फरक आहे. तिच्यापुढे पानंही कधी पडली नाहीत. आज भजनी मंडळी यायची होती म्हणून संध्याकाळपासून काळ्या वाटाण्यांच्या उसळीच्या टोपासमोर होती. ते पुन्हा कधीतरी लिहीन. नीट लिहावं लागेल ते.

आबांचं सांगते. तो बिस्किटांचा डबा आबांचा. आतला पत्त्यांचा कॅटही त्यांचाच. चौकटची तिर्री कधीची हरवलीय, तिच्या जागी जोकरवर त्यांनी बॉलपेननं ३ काढलेला आहे आणि खाली एक छोटी चौकट. आबा गेल्यावर डबा माळ्यावर गेला तो कुणी काढला नाही. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये सगळे घरात अडकलो, काकांचं मुंबईचं कामही बंद, तेव्हा एक दिवस आजीनंच तो खाली काढायला लावला. पप्पा बसले, काका बसले, आजी खांबाशी बसली, समोर रिकामं. मी जवळच पालथी पडून फोनवर लूडो खेळत होते. पप्पांनी माझ्यापुढे पानं वाटली.

मी उठून बसले आणि खेळले. ही आबांची जागा असं कोणी म्हटलं नाही. मीही मनात आणलं नाही, मला नवीन खेळ मिळाल्याचा आनंद होता. आजीनं त्या रात्री किती वेळा समोर बघितलं असेल आणि तिथे मी दिसले असेन. भलत्याच वेळी एक्का टाकून मोकळी होणारी, दश्शी दुसऱ्याच्या हातावर सोडणारी. "दश्शी सोडलंस कित्याक?" एवढंच म्हणायची ती. आबांनी कधी सोडली नसती, हे तिनं एकदाही म्हटलं नाही.

म्हणजे ती जागा माझी आधीही नव्हती. हे वाक्य लिहून बघितलं, तर वाटलं होतं तितकं वाईट वाटलं नाही. आजी खांबाशी बसते आणि तिच्या समोर कोणीतरी लागतं. आबा होते, मग मी, आता सोमू. आजीला खेळायला मिळतंय. मी पुण्यात असते तेव्हा, पावसाळ्यात वीज जाते तेव्हा, तिच्यासमोर कोणीतरी बसतंय. मी पुण्याहून फोनवर "जेवलीस का, औषध घेतलंस का" विचारते त्यापेक्षा हे किती जास्त आहे. सोमूचा राग करावा असं त्यानं काय केलंय? उलट हा नववीतला मुलगा फोन बाजूला ठेवून रोज रात्री आजीबरोबर बसतो.

तरी दुखतं. थोडं कमी, पण दुखतं.

आज काका भजनाच्या मंडळींबरोबर पखवाज घेऊन वाडीत फिरतायत, पहाटेपर्यंत काही येत नाहीत. डबा उघडला. मी दारातच रेंगाळत होते, आज परत विचारलं तर काय म्हणायचं ते ठरवत. पप्पांनी वर बघितलंसुद्धा नाही. वाटायला घेतली, एक घर आजीचं, एक सोमूचं, एक त्यांचं स्वतःचं, आणि एक त्यांच्यासमोर मोकळ्या चटईवर पडत गेलं. मी जाऊन बसले. काकांची जागा, उद्या त्यांना परत द्यायची.

पप्पांच्या समोर बसलं की आजी बाजूला येते. इतक्या साऱ्या रात्री तिच्याशी खेळूनही मी तिला कधी बाजूनं बघितलं नव्हतं. ती पानं छातीशी किती घट्ट धरते. हुकूम पडला की तिचा लांब केलेला पाय आत येतो. आणि ती मला जराही सोडत नाही! माझी इस्पिकची दश्शी तिनं राजाखालून अशी ओढून नेली की पप्पा कपाळाला हात लावून बसले. "काय बघतस? टाक पान," म्हणाली मला. पाहुण्याशी कोणी असं वागत नाही. मला इतकं बरं वाटलं त्या वेळी.

शेवटच्या डावात बदाम हुकूम होता. पप्पांनी किलवरचा राजा उतरला, एक्का आधीच गेलेला. आजीनं लहान पान टाकलं, मी निर्धास्तपणे दश्शी दिली. सोमूकडे किलवर नव्हतं. हातात हुकमाची सत्ती होती, मारली असती तर मेंढी त्यांची. त्यानं सत्ती राखली आणि इस्पिकची राणी फेकली. तिसरी मेंढी आमच्याकडे आली, डाव आमचा. आजी त्याला काही बोलली नाही. पानं गोळा करता करता मला म्हणाली, "तू त्याका शिकय गो जरा."

शिकवीन. उद्या सकाळी माणसांची वर्दळ सुरू व्हायच्या आत त्याला पडवीत घेऊन बसते. हुकूम कधी राखायचा, कधी मारायचा, मेंढी पडलेली असताना हुकमाचं लहान-मोठं बघायचं नसतं, गेलेली पानं डोक्यात कशी ठेवायची, हे सगळं सांगते. आजीच्या दुर्रीचं मात्र सांगणार नाही. ते त्यानं तिच्यासमोर बसून बसूनच ओळखायला हवं.