मॅटाडोरचा माळ: मोंटानातली गवताची बँक

अमेरिकेच्या मोंटाना राज्यातलं, उत्तरेकडचं माल्टा गाव मागे टाकून दक्षिणेला निघालं, की पुढे नुसतं गवत. झाड औषधालाही सापडत नाही. फिलिप्स काउंटीतल्या या मोकळवनात मॅटाडोर रँच, म्हणजे गुरांचं भलंमोठं कुरण आहे, सुमारे 60,000 एकरांचं. ‘द नेचर कॉन्झर्व्हन्सी’ या निसर्गसंवर्धन संस्थेने ते 2000 साली विकत घेतलं. निसर्ग राखायचा म्हटलं की आधी गुरं हाकलायची, हे आपण पाहत आलोय. इथे मात्र 2003पासून शेजारपाजारचे गुरंवाले आपली जनावरं हक्काने चरायला आणतात.

चराईचं भाडं द्यावं लागतं, पण त्यात सूट असते आणि ती स्वतःच्या रानात काय राखता यावर ठरते. पहिली अट म्हणजे मूळ माळ नांगरायचा नाही. मग प्रेअरी डॉग या बिळात राहणाऱ्या, खारीच्या कुळातल्या प्राण्याची वसाहत राहू दिली, सेज ग्राउझ या माळावरच्या पक्ष्याची मादीला रिझवायच्या नाचाची जागा सांभाळली, कुंपण सुधारलं, तर सूट वाढत जाते. दुष्काळात गुरं इथे आली की घरच्या कुरणालाही विसावा मिळतो. 1990च्या दशकात न्यू मेक्सिकोतल्या ग्रे रँचवर मालपाई भागातल्या पशुपालकांनी अशीच गवताची बँक, म्हणजे निसर्ग राखायच्या बदल्यात चराई देणारं कुरण, चालवली होती.

नांगराचा एवढा धाक का, ते गुडघ्यावर बसून बघितलं तेव्हा पटलं. न मोडलेल्या माळावर हातभर जागेत निळसर व्हीटग्रास, भुवईसारखं वळलेलं कणीस धरणारं ब्लू ग्रामा, सुईसारख्या टोकदार बियांचं गवत, आणि तळाशी शेवाळासारखा थर. याच भागात शंभरेक वर्षांपूर्वी आलेल्या वसाहतकारांनी गहू पेरला, दुष्काळात कित्येकजण शेतं टाकून गेले, आणि पुढे अशा पडीक रानांत क्रेस्टेड व्हीटग्रास हे परदेशी गवत पेरलं गेलं. तिथे एकाच गवताचे ठोंब आणि मधे उघडी माती. मूळ माळ परत आणायला पिढ्या लागतात. म्हणून आहे तो मोडू न देणं सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात मोलाचं, असं मला ठाम वाटतं.

गुरं या कामात अडचण नाहीत. हा माळ बायसन या तिथल्या रानगुरांच्या चरण्यावरच वाढला. माउंटन प्लवर या पक्ष्याला खुरटलेली जमीन लागते, स्प्रॅग्ज पिपिट या पक्ष्याला त्याहून उंच गवत. कुठे जास्त चारायचं, कुठे रान मोकळं ठेवायचं, हे ठरवलं की दोघांचीही सोय होते.

एका पशुपालकाने मला आपलं कुंपण दाखवलं. खालची तार काटे नसलेली, जमिनीपासून सोळा-अठरा इंच वर. प्रॉन्गहॉर्न हे हरणासारखं जनावर वाऱ्यासारखं धावतं, पण कुंपणावरून सहसा उडी मारत नाही, खालून सरपटत जातं. जुन्या तारेवर त्याचे केस अडकलेले असायचे, असं ते सांगत होते. रँचबाहेरच्या अशा खासगी कुरणांचं क्षेत्र मॅटाडोरहून कितीतरी मोठं आहे, आणि या योजनेची खरी ताकद तिथेच आहे.

सोलापूरजवळच्या नान्नजला माळढोक जवळजवळ दिसेनासा झाला. आपल्या माळरानांना कागदोपत्री पडीक म्हणणं थांबवून, मेंढपाळांना असा करार देऊन बघायला हवा.

जायचं असेल तर एम्पायर बिल्डर रेल्वे माल्टाला थांबते. रँचवर फिरायची परवानगी आधी काढा. पाऊस पडला तर कच्च्या रस्त्यावर गाडी घालू नका. इथली ‘गम्बो’ माती चाकं जागेवर धरून ठेवते.