पुट्टी घासायचा ठोकळा कसा असावा

गाडीच्या पत्र्यावरची पुट्टी बोटांनी सँडपेपर दाबून घासली की बोटांखाली नाल्या पडतात. प्रायमरवर त्या लपतात. क्लिअर, म्हणजे शेवटचा चकचकीत थर, मारून गाडी उन्हात काढली की दारावर लाटा दिसतात. पेंटरला विकायचा ठोकळा सपाट दारासाठी 10 मिलिमीटर जाड ॲक्रिलिकचा करा. एमडीएफ (लाकडाच्या भुशाचा दाबलेला बोर्ड) नकोच, वॉटर पेपरच्या, म्हणजे पाणी लावून घासायच्या, कामात फुगतो. माप 9 इंच बाय पावणेतीन: सँडपेपरच्या 9 बाय 11 इंची शीटमधून बरोब्बर चार पट्ट्या निघतात, आणि पेंटरला हेच आधी पटतं. कडा जरा गोल करा, नाहीतर पुट्टीत रेघ ओढतात. नागपूरच्या मे महिन्यात, पत्र्याच्या शेडमध्ये पेपर चिकटवायचा हलका गोंद मऊ पडून पट्टी सरकते. उष्णता सोसणाराच वापरा. विकण्याआधी प्रत्येक ठोकळा जाड काचेवर ठेवून कोपरे दाबा. डुगडुगला तर बाजूला काढा.