जिप्सीचा घुमणारा आवाज सापडला, आणि तो गिअरबॉक्सचा नव्हताच

मागच्या वेळी लिहिलं होतं की माझ्या मारुती जिप्सीतला घुमणारा आवाज घालवायला येत्या रविवारी गिअरबॉक्स खाली घेतोय. तो घेतला नाही. शनिवारी संध्याकाळी खेड शिवापूरपर्यंत मारलेल्या एका फेरीने सगळा बेत बदलला. आज पंचावन्नच्या स्पीडला जिप्सी शांत चालतेय. तीन महिन्यांत पहिल्यांदा मला मागच्या टायरचा आवाज वेगळा ऐकू आला.

आधी छोटी गोष्ट उरकतो. थंड इंजिनावरची टकटक गेली. टॅपेट (व्हॉल्व्हची फट) दोनदा सेट करूनही ती जात नव्हती आणि इंजिन तापलं की आपोआप थांबायची, हे आठवत असेल. ती एक्झॉस्ट मॅनिफोल्डची, म्हणजे सिलिंडरचा धूर गोळा करणाऱ्या पाइपची होती. तिसऱ्या पोर्टखाली काजळीची बारीक रेघ दिसली. रबरी नळीचं एक टोक कानाला आणि दुसरं तिथे धरलं तर टकटक थेट कानात! धातू तापून फुगला की फट बुजते, म्हणून गरम इंजिनावर आवाज बंद. नवं गॅस्केट टाकलं, नट मधून बाहेरच्या बाजूला क्रमाने आवळले. सकाळी पहिल्या सेल्फला इंजिन नुसतं गुरगुरलं तेव्हा मी दोन मिनिटं बॉनेट उघडं ठेवून ऐकत उभा होतो.

आता मुख्य दुखणं. न्यूट्रलमध्ये क्लच सोडला की खरखर आणि दाबला की बंद, म्हणजे इनपुट शाफ्टचं, क्लचकडून गिअरबॉक्समध्ये शिरणाऱ्या दांड्याचं बेअरिंग. त्याबद्दल माझ्या आणि आमच्या मेकॅनिक चाचांच्या मनात शंका नव्हती. पण त्या एका खात्रीमुळेच आम्ही फसलो. गाडी पन्नास ते साठच्या मध्ये असताना पायाखालून येणारा जाड ‘घूंऽऽ’सुद्धा आम्ही त्याच बेअरिंगच्या नावावर लिहून टाकला होता. चाचा म्हणाले, “साहेब, एक बेरिंग गेलं की बाकीची पण बोलायला लागतात. पेटी उतरवू, सगळी टाकू.” मलाही ते पटलं होतं.

मन खाल्लं ते एका गोष्टीने. पंचावन्नला क्लच दाबून, गिअर न्यूट्रलला टाकून गाडी सोडली तरी घूं चालूच राहायचा, फक्त थोडा हलका व्हायचा. इनपुट बेअरिंगचा आवाज असता तर न्यूट्रलमध्ये क्लच दाबल्यावर तो स्पीडला चिकटून राहिला नसता. म्हणजे मूळ मागे कुठेतरी. वळणावर डावीकडे-उजवीकडे वजन टाकून पाहिलं, काही फरक नाही, म्हणून व्हील बेअरिंग बाद. पुढचे हब फ्री (चाकांपासून सुटे) आहेत, म्हणजे टू-एचमध्ये (फक्त मागच्या चाकांच्या ड्राइव्हमध्ये) पुढचा प्रोपेलर शाफ्ट फिरतच नाही, तोही बाद. उरले ट्रान्सफर केस (ताकद पुढच्या-मागच्या चाकांकडे वाटणारी पेटी), तिच्यापर्यंत जाणारा छोटा शाफ्ट, मागचा शाफ्ट आणि डिफरन्शियल.

इथे जिप्सीची रचना कामाला आली. ट्रान्सफर केस गिअरबॉक्सला जोडलेली नाही, चॅसीवर वेगळी टांगलेली आहे आणि मध्ये दोन क्रॉसवाला (कोनात वळू देणाऱ्या सांध्यांचा) छोटा शाफ्ट आहे. शिवाय तिच्या लिव्हरला स्वतःचं न्यूट्रल आहे. चाकांना चारही बाजूंनी ओंडके लावले, हँडब्रेक ओढला, ट्रान्सफर न्यूट्रलला टाकली आणि गिअरबॉक्स चौथ्यात घालून क्लच सोडला. गाडी जागेवर उभी आणि छोटा शाफ्ट इंजिनच्या वेगाने फिरतोय. २४०० आरपीएमला घूं आला. बारीक, पण तोच! मागचा शाफ्ट आणि डिफरन्शियल एका झटक्यात सुटले. ही चाचणी प्रत्येक जिप्सीवाल्याने करून ठेवावी. फक्त कोणीही त्या वेळी गाडीखाली डोकं घालू नये.

पुढे मात्र अडलो. लांब स्क्रू-ड्रायव्हर कानाला लावून ऐकणं मला अजूनही स्टेथोस्कोपपेक्षा भरवशाचं वाटतं, पण चालत्या गाडीत दोन्ही निरुपयोगी. म्हणून तपकीर गल्लीतून पिझो डिस्क (कंपन टिपणाऱ्या चकत्या) आणल्या, चुंबकावर चिकटवून एक ट्रान्सफर केसवर आणि एक गिअरबॉक्सच्या शेपटीवर लावली, वायर केबिनमध्ये आणली आणि फोनवर आवाजाचा आलेख काढला. चौथ्या गिअरला, २४०० आरपीएमवर, बरोबर ८० हर्ट्झला उंच सुळका.

मला वाटलं जिंकलो. २४०० म्हणजे सेकंदाला ४० फेरे. क्रॉसवाला शाफ्ट कोनात फिरला की एका फेऱ्यात दोनदा झटका देतो, म्हणजे ८०. मग रात्री झोपताना लक्षात आलं की चार सिलिंडरचं इंजिनही एका फेऱ्यात दोनदाच फायर होतं. चौथा गिअर सरळ एकास एक. म्हणजे इंजिनचे ८० आणि शाफ्टचे ८० एकावर एक बसलेत, आणि त्या आलेखातून काहीच सिद्ध होत नाही. खरं सांगतो, त्या रात्री ‘उतरवू गिअरबॉक्स आणि संपवू’ असं पुन्हा वाटलं.

शनिवारची फेरी त्यासाठीच होती. रस्त्यावरचा स्पीड तोच ठेवायचा, फक्त गिअर बदलायचा. तिसऱ्याचं गुणोत्तर १.४२३, म्हणजे त्याच स्पीडला इंजिन ३४१५ च्या आसपास आणि फायरिंग ११४ हर्ट्झला. पाचव्याचं ०.७९५, तिथे इंजिन १९०० च्या आसपास आणि फायरिंग ६४ ला. छोटा शाफ्ट मात्र तिन्ही गिअरमध्ये ४० फेऱ्यांवरच. ट्रान्सफरमध्ये हाय रेंजलाही १.४०९ चं रिडक्शन आहे, त्यामुळे मागचा शाफ्ट त्याहून हळू, त्याचा दुप्पट ५७ ला पडतो. तिसऱ्यात सुळक्याचे दोन तुकडे झाले: एक ११४ ला सरकला, दुसरा ८० वरून हलला नाही. पाचव्यातही ८० जागेवर. गाडी बाजूला घेतली आणि घरी फोन करून सांगितलं.

रविवारी खाली शिरलो. क्रॉस घट्ट, सुईचं बेअरिंग कुठेही ढिलं नाही. ट्रान्सफरची तिन्ही फाउंडेशन (चॅसीला टांगणारे रबरी आधार) वरून ठीक दिसत होती, आणि हीच खरी मेख. केसखाली लाकडाचा ठोकळा ठेवून जॅक हळू चढवला, तर उजव्या बाजूचं फाउंडेशन मधोमध उघडलं. रबर धातूपासून पूर्ण सुटलेलं. वजनाने दाबून बसलं होतं म्हणून अखंड दिसत होतं. वरच्या सीलमधून झिरपणाऱ्या ऑइलने ते कुजलं होतं. लोड आला की केस पिळली जायची आणि छोट्या शाफ्टच्या दोन टोकांचे कोन वेगवेगळे व्हायचे. कोन सारखे असले तर एका क्रॉसचा झटका दुसरा खाऊन टाकतो. वेगळे झाले की तो थेट बॉडीत उतरतो.

नाना पेठेत पहिल्या दुकानाने दिलेलं फाउंडेशन नखाने दाबलं तर दबेना, परत केलं. असलं कडक रबर टाकण्यापेक्षा जुनं बरं. दुसरीकडे मूळ कंपनीचे तीन मिळाले. तीनही एकदम बदलले, कारण एक नवं आणि दोन बसलेली ठेवली तर केस पुन्हा तिरकीच राहणार. शाफ्टच्या दोन्ही टोकांच्या फ्लँजवर (जोडणीच्या तबकड्यांवर) डिजिटल लेव्हल धरली: आधी फरक दोन अंशांच्या वर होता, आता अर्ध्याच्या आत. सीलही बदललं. ८० चा सुळका आता बाकीच्या गोंगाटातून शोधावा लागतो.

जाता जाता गिअरबॉक्सचं ऑइलही सोडलं. ड्रेन प्लगच्या चुंबकावर लोखंडाचा बारीक चिखल होता, तो बेअरिंगचा, अपेक्षित. पण ऑइलमध्ये सोनेरी चकाकी दिसली ती सिंक्रो रिंगची, गिअर अलगद पडायला मदत करणाऱ्या पितळी कड्यांची. आधीच्या कोणीतरी जीएल-५ ग्रेडचं ऑइल भरलं होतं. ते डिफरन्शियलच्या हायपॉइड दातांना उत्तम, पण त्यातली रसायनं पितळ खाऊ शकतात. आता ७५डब्ल्यू-९० जीएल-४ भरलंय आणि सकाळचा दुसरा गिअर अडखळत नाही.

इनपुट बेअरिंग पावसाळ्यानंतर करीन असं ठरवलं होतं. पण हे लिहिता लिहिता सुचलं की खरखर इनपुटची आहे की लेशाफ्टची (गिअरबॉक्समधल्या समांतर दांड्याची) हे मी कधी तपासलंच नाही. न्यूट्रलमध्ये क्लच सोडल्यावर दोन्ही फिरतात. चौथ्यात लेशाफ्टवर लोड नसतो. म्हणजे बाकीच्या गिअरमध्ये रडणारा आवाज चौथ्यात मरत असेल, तर मी आणून ठेवलेला बेअरिंगचा सेट अपुरा पडणार. उद्या सकाळी गाडी थंड असतानाच पिझो गिअरबॉक्सच्या पुढच्या तोंडावर लावून कात्रजच्या चढाला जातो. तोवर कोणाकडे लेशाफ्टच्या दातांची संख्या लिहून ठेवलेली असेल तर कळवा, पेटी न उघडता हिशेब मांडता येईल.